धात सिंड्रोमची मराठी प्रश्नावली: १५० रुग्णांवर अल्फा ०.८४ आला, आता ती प्रमाणित म्हणायची का?

नाही. अल्फा (क्रोनबॅकचा) हा आकडा एवढंच सांगतो की तुमचे प्रश्न एकमेकांच्या होला हो म्हणतात. एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारा, ०.९ सुद्धा येईल. तुमचे १५० च्या १५० जण 'धातू जातो', म्हणजे वीर्य जातं, हीच तक्रार घेऊन आलेले. मग चाळणीतून खाली पडणार कोण?

कोल्हापुरात एका थिसिससाठी मी दीड वर्ष अशाच मुलाखती घेतल्यात, म्हणून राहवलं नाही. आमचा पहिला प्रश्न होता, "लघवीवाटे धातू जातो का?" शिरोलीच्या फौंड्रीतला एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, "लोखंड कसं जाईल सर?" 'पांढरं पडतंय का' विचारल्यावर मात्र वीस मिनिटं थांबला नाही.

आणि तो पैलवान. चर्मरोगाच्या रांगेत गजकर्ण दाखवायला आलेला. त्याला विचारून त्याचाही फॉर्म भरला. रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो? "व्हय." तो गेला की ताकद जाते? "वस्तादांनीच सांगितलंय." कट-ऑफ, म्हणजे 'रुग्ण' ठरवणारी गुणांची रेषा, आरामात पार! झोप? आठ तास. भूक? नुसता हसला. त्याला काळजी एकच, जत्रेच्या कुस्त्यांआधी गजकर्ण जाईल का.

सप्तधातूंत शुक्र शेवटचा, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी धात सिंड्रोम हे नाव दिलं ते या समजुतीला नव्हे, तिच्या धास्तीने खंगणाऱ्या माणसाच्या अवस्थेला. आमची प्रश्नावली समजूत मोजत होती. गाईड म्हणाले, "तो पेशंट नाही, फॉर्म काढ." अहो, पेशंट नाही म्हणूनच तर हवा! फॉर्म 'अपूर्ण' शेऱ्याखाली गेला. एकही चौकट रिकामी नव्हती.

तेव्हा धातूची तक्रार नसलेले लोक घ्या, त्यांत नैराश्याचे रुग्णही असू द्या. अशक्तपणा आणि झोपेच्या प्रश्नांवर तेही गुण घेतात. निदानाची मुलाखत वेगळ्या डॉक्टरांनी घ्यावी, गुण न बघता. कट-ऑफ त्यानंतर.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, सॅम्पल किती ते संख्याशास्त्रवाल्यांना विचारा. मूळ प्रश्नावलीच्या लेखकांची परवानगी राहिली असेल तर ती आधी. आणि हीच प्रश्नावली बायकांना लावू नका. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं गोव्यात सर्वेक्षण झालंय. तिथे तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त निघाला. तो वेगळाच विषय आहे.

पुढचे लोक चर्मरोगाच्या रांगेतूनही घ्या. गाईड नको म्हणाले तर लेखी मागा. मी मागितलं नव्हतं.