कोकम सरबतात औषध घालू नका गो!

प्रश्न: ताई, मी फोंड्याची. मुलगा साडेतीन वर्षांचा, घसा बिघडला म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं ड्राय सिरप (पाण्यात कालवायची पावडर) दिलंय. पहिलाच डोस फुर्र करून थुंकला, माझा गाउन गुलाबी! मग कोकम सरबतात घालून दिलं तर एक घोट घेऊन जास्तच रडला. दुधाच्या बाटलीत घातलं, तर आता साधं दूधही वास घेऊन ढकलतो. सासूबाई म्हणतात नाक धरून ओत. काय करू?

उत्तर: नाक मात्र धरू नका गो, रडणारं पोर श्वास घ्यायला तोंड उघडतं आणि औषध श्वासनळीत जाऊ शकतं, सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर.

आता कोकम. औषधाचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण अझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर तो का रडला ते कळलं. ही औषधं मुळात भयंकर कडू, म्हणून काही सिरपांत कडू कणांवर पातळ लेप असतो, आणि आंबट लागलं की तो लेप सुटतो. म्हणजे कोकम, संत्र्याचा ज्यूस, दही यांनी चव सुधारायची सोडून उलट कडूपणा बाहेर येतो. मी औषधांच्या काउंटरवर इतकी वर्षं उभी राहून हे सांगते तरी माणसं लिंबू सरबतच विचारतात.

दुधाच्या अख्ख्या बाटलीत घालायचं नाही, कारण अर्धी बाटली उरली की अर्धा डोस उरला, आणि त्याला दुधाचाच राग आला तो वेगळाच. शिवाय काही औषधं, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिन, दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगात कमी जातात. कशात मिसळायचंच झालं तर आधी फार्मासिस्टला विचारा, मग चमचाभरच घ्या, आणि लगेच पूर्ण संपवा.

बिनसुईची ओरल सिरिंज आणा. त्याला मांडीवर सरळ बसवा, आडवं नको. डोस द्यायच्या आधी बर्फाचा तुकडा नाहीतर कुल्फी चोखायला द्या, थंडीने जीभ जरा बधिर होते. मग सिरिंजचं टोक गालाच्या आत, दाढेच्या बाजूला लावा, जिभेच्या मधोमध नाही, आणि थोडं थोडं सोडा, प्रत्येक वेळी गिळू द्या. घशात सरळ पिचकारी मारली की ठसका लागलाच म्हणून समजा. आणि लगेच मागून काहीतरी गोड आणि स्निग्ध. माझ्या पोराला मी मणगणं, म्हणजे आपली चणाडाळीची खीर, द्यायचे, नारळाचा रस आणि गुळाने जिभेवरची कडू चव झाकली जाते, चॉकलेट सिरपही चालतं पण मणगण्याची सर नाही (हे माझं मत, सायन्स नव्हे). तोंडातून बाहेर आलं, उलटी झाली तर मनानेच परत डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

एक चूक माझीच सांगते. पोरगा चार वर्षांचा असताना मी तापाच्या सिरपाला ‘स्ट्रॉबेरीचं चॉकलेट’ म्हणायचे, झटकन घ्यायचा. एका दुपारी पाहते तर स्टूल लावून फडताळावर चढलेला, बाटली दातात धरून झाकण पिरगाळतोय. झाकण घट्ट होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून आमच्याकडे औषध म्हणजे औषध, कडू आहे हेही सांगायचं.

प्रश्न: बाळ नऊ महिन्यांचं, आई म्हणते मधातून चाटव. चालेल ना? — म्हापशाहून एक आई

उत्तर: नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नाही, बोटानेही नाही. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू सुप्त रूपात असू शकतात, घरात उकळून ते मरत नाहीत, आणि तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आजीला राग येईल, येऊ दे.

प्रश्न: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह या अँटिबायोटिकचं सिरप कालवून ठेवलं, फ्रिजमध्ये थंड केलं की पोर घेतो, पण लाइट सारखी जाते. पुढच्या महिन्यासाठी उरलेलं ठेवू का?

उत्तर: फ्रिजमध्येच ठेवायचं, थंड असलं की चवही कमी लागते. लाइट गेली की फ्रिज उघडझाप करू नका. कालवल्यावर सात दिवस, मग उरलेलं टाकायचं. आणि द्यायच्या आधी बाटली नीट हलवा, नाहीतर तळाचा साका शेवटच्या डोसाला येतो.