एकच दिवस हातात आहे, अंगकोर वाट कसं बघू?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. डिसेंबरमध्ये मी, नवरा आणि माझे आईबाबा बँकॉकला जातोय, तिथून कंबोडियात सिएम रीपला दोन रात्री घेतल्यात, म्हणजे अंगकोरसाठी पूर्ण असा एकच दिवस. टूरवाला म्हणतो एका दिवसात सात देवळं दाखवतो. बाबा ७१ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. आई म्हणते, एवढ्या लांब जाऊन पडकी देवळंच बघायची का? काय करावं?

उत्तर : सात नको. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच केलं होतं, पहाटे साडेचारपासून टुकटुकमध्ये चढ-उतर चढ-उतर, आणि दुपारी दोनला माझ्या सासूबाई चौथ्या देवळाच्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्यांनी जे डोळे भरून बघितलं असतं ते अंगकोर वाटच्या भिंतीवर कोरलेलं समुद्रमंथन आम्ही सकाळी दहा मिनिटांत उरकून टाकलं होतं. तीन वर्षांनी त्यांना परत घेऊन गेले आणि अख्खी सकाळ एकट्या अंगकोर वाटला दिली. तुम्हीही तेच करा.

आईंना आधी हे सांगा की हे विष्णूचं देऊळ म्हणून बांधलंय, १२ व्या शतकात, राजा दुसरा सूर्यवर्मन याने, पुढे ते बौद्धांचं झालं आणि आजही तिथे पूजा होते. भोवती जवळजवळ १९० मीटर रुंद खंदक आहे, मधला कळस ६५ मीटर उंच. आणि पडकं म्हणाल तर १९८६ ते १९९३ या काळात तिथे दुरुस्तीचं काम आपल्याच पुरातत्त्व खात्याने केलंय, पाताळेश्वराबाहेर ज्यांची निळी पाटी आहे ना, तेच खातं.

सूर्योदयाला जा, पण मुख्यतः थंडाव्यासाठी. देवळाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य कळसांच्या मागून वर येतो आणि सगळे तळ्याकाठी फोटोला उभे असतात. सूर्य वर आला की बरीच गर्दी नाश्त्याला हॉटेलवर परतते. तुम्ही परतू नका. दशम्या, खजूर, पाणी बरोबर घ्या, बाहेर बसून खा आणि आत शिरा.

आत गेल्यावर उजवीकडे वळा. कोरीव भिंती उलट्या प्रदक्षिणेच्या क्रमाने आहेत, म्हणजे देऊळ आपल्या डाव्या हाताला ठेवून चालायचं, आपल्याकडच्या बरोब्बर उलट. अंत्यविधीत असा उलटा फेरा असतो, त्यामुळे हे राजाचं समाधिमंदिर असावं असं बरेच अभ्यासक मानतात. पहिलीच भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, खाली पायदळाची रांग, आणि सुरुवातीलाच शरपंजरी पडलेले भीष्म. सासूबाईंनी ते गाइडच्या आधी ओळखलं. मग त्याच मला सांगत सुटल्या, हे भीष्म, ते बघ चार हातांचा सारथी म्हणजे कृष्ण, आणि गाइड गप्प राहून ऐकत होता. दगड कुठे कुठे काळा आणि तुळतुळीत झालाय, देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखा, इतक्या वर्षांच्या माणसांच्या हातांनी. आपण मात्र हात लावायचा नाही.

दक्षिणेच्या भिंतीवर सूर्यवर्मनची मिरवणूक, पुढे स्वर्ग-नरक, त्यात यम आणि चित्रगुप्त. पूर्वेला समुद्रमंथन, ४९ मीटर लांब, एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधे विष्णू आणि खाली कूर्म. सकाळचं ऊन याच बाजूला येतं आणि गर्दीही कमी असते, बाबांना इथे निवांत बसू द्या. जाताना पश्चिमेच्या उरलेल्या अर्ध्या भिंतीवरचं लंकेचं युद्ध बघा.

सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे. पर्वती चढणाऱ्याला जमेल, पण दुखऱ्या गुडघ्यांनी उतरणं अवघड, बाबांनी जाऊ नये हेच बरं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नुसत्या ओढणीवर भागवू नका, बाह्यांचा कुर्ता घाला. बौद्ध सणाच्या दिवशी तो मजला बंद असतो, तेवढी तारीख विचारून घ्या.

दहा-साडेदहाला हॉटेलवर जाऊन जेवा, झोपा. तीननंतर अंगकोर थॉम या जुन्या तटबंदीच्या शहराचा दक्षिण दरवाजा, तिथे पुलाच्या दोन्ही कडांना ५४-५४ देव आणि असुर नाग ओढतायत, म्हणजे सकाळी भिंतीवर बघितलेलं मंथन पुन्हा पूर्ण उंचीच्या मूर्तींत. मग राजा सातवा जयवर्मन याचं बायोन देऊळ, मोठमोठ्या चेहऱ्यांचं. झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोम अंगात त्राण उरलं तरच.

एका दिवसाचं तिकीट माणशी ३७ डॉलर, त्यावर तुमचा फोटो असतो, आणि ते देवळाच्या दारात मिळत नाही, तिकीट ऑफिस वेगळं आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळतं, तेव्हाच घेऊन टाका म्हणजे पहाटेची रांग वाचते. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही. आणि शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणून थांबू नका, मासळीचं सॉस नको असं वेगळं सांगा, तिकडे ते भाजीतही घालतात.