लँडस्केप की नगररचना?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, बी.आर्क.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. मन झाडामातीत रमतं, म्हणून पुढे लँडस्केप, म्हणजे मोकळ्या जागांची, झाडा-पाण्याची रचना शिकावीशी वाटते, पण घरचे म्हणतात, नगररचना कर, सरकारी नोकरी मिळेल. काय करू?

उत्तर : अगं, एकच ओढा दोन्हीकडून बघ. नगररचनेत तो विकास आराखड्यावरची निळी रेघ असतो. १९६६चा नगररचना कायदा, जमिनींवरची आरक्षणं, हरकती-सूचना यांत तुझे दिवस जातील. लँडस्केपमध्ये तू त्याच ओढ्यात उतरशील, काठच्या उंबराच्या उघड्या पडलेल्या मुळांवरून पाणी कुठवर चढतं ते ओळखशील. मी लँडस्केप केलं. पहिल्याच सत्रात खड्डा खणून वरची काळी माती, खालचा मुरूम हातात चोळून बघितला, आणि माझं तिथंच ठरलं. एक सल मात्र आहे. मी काठ बांधून घेतलेला ओढा पुढे रस्त्याखाली गेला. आराखडा ठरताना मी त्या टेबलाशी नव्हते.

घरच्यांचं खोटं नाही, राज्याच्या नगररचना विभागात भरती होते. तरी घाई नको. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि दिल्लीच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) दोन्ही अभ्यासक्रम आहेत. जमलं तर जाऊन ये, दोन्ही स्टुडिओंच्या भिंतींवर काय लावलंय ते बघ. आणि कुठल्या भिंतीपुढे जास्त वेळ थांबलीस, ते मला कळव.