फंड कापला, पण भरला का?

ते माझ्याकडे आले झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-तीनदा उठून मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायचं, बघायचं, पुन्हा पडून राहायचं. त्यावरून बायकोशी खटके. पुण्याजवळच्या एमआयडीसीत ते ठेकेदाराकडे मशीन ऑपरेटर आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फंड दर महिन्याला कापला जातो, पासबुकात मात्र काही महिने कोरे. "विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." हे वाक्य तासाभरात चार वेळा आलं.

अशा माणसाला "घाबरू नका" सांगून उपयोग नसतो, कारण नोकरी खरंच जाऊ शकते. पण कोरे महिने नेमके किती, हे त्यांनी एकदाही मोजलं नव्हतं. म्हणून पहिल्या भेटीत कागद काढले.

स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये, कामगाराचे. मालकाचेही तेवढेच, पण त्यातले 1,166 पेन्शनला जातात आणि 514 फंडात. पासबुकात दर महिन्याला हे तीन आकडे दिसायला हवेत. (स्लिपवर 3,360 कापलेले दिसले, तर मालकाचा वाटाही कामगाराच्याच खिशातून जातोय. ते बेकायदा आहे.)

पैसे भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत असते, नोंद चढायला आणखी काही दिवस लागतात. त्यामुळे एक महिना कोरा म्हणजे फसवणूक नव्हे. कधी जुन्या नोकरीचा यूएएन (फंडासाठी कामगाराला मिळणारा क्रमांक) वेगळा असतो आणि पैसे तिकडे जमा होत असतात. हे दोन्ही तपासलं. मग ईपीएफओ या फंड सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ठेकेदाराच्या आस्थापनेच्या नावाने शोध घेतला. कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती कामगारांचे, हे तिथे लॉगिन न करता दिसतं. ठेकेदाराने सात महिने कुणाचेच भरले नव्हते.

गंमत म्हणजे हे कळल्यावर ते शांत झाले. आपल्या एकट्यावर डूख नाही, हे समजलं. आणि मग खरी गोष्ट बाहेर आली: गावाकडून दोन चुलतभावांना त्यांनीच इथे कामाला लावलं होतं. झोप उडाली होती ती बरीचशी त्यांच्यामुळे.

इथे माणसं दोन चुका करतात. चिडून राजीनामा देतात, किंवा सुपरवायझरशी गेटवर भांडतात. दोन्हींत हातात काही राहत नाही. त्याआधी स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीकार्डाचे फोटो घरी जमा हवेत; कोऱ्या कागदावर सही तर कधीच नको. ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी ज्यांच्यासाठी काम चालतं त्या मूळ कंपनीवरही येते, म्हणून तिघांनी मिळून कंपनीच्या एचआरला चार ओळींचं पत्र दिलं: फक्त महिने आणि रकमा, आरोप नाही. पोच घेतली.

एचआरमधल्या बाईंनी ठेकेदाराचं पुढचं बिल अडवलं आणि फंड भरल्याच्या चलनाची प्रत आणल्याशिवाय सोडलं नाही. तिघांना हेही सांगितलं की पत्रामुळे कुणाची पाळी बदलणार नाही. सगळीकडे अशी माणसं भेटत नाहीत. न भेटल्यास ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार करता येते, किंवा दर महिन्याच्या 27 तारखेच्या जिल्हा शिबिरात जाता येतं. मात्र यूएएन द्यावा लागतो, तेव्हा नाव झाकलेलं राहील असं धरू नये. कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, हे ठेकेदारांनाही ठाऊक असतं.

पाच महिने भरले गेले. उरलेल्या दोनांसाठी पोर्टलवर तक्रार चालू आहे. पासबुक ते आता महिन्याच्या 25 तारखेला उघडतात, दिवसा, भावांना शेजारी बसवून.