वाचकांचे प्रश्न : काचेचे दालन की सावलीची ओसरी?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांच्या कल्पकतेला वाव मिळावा म्हणून आमच्या संस्थेने काचेच्या भिंतींचे वातानुकूलित दालन बांधण्याचे ठरविले आहे. मुले मात्र भित्तिपत्रकापासून एकांकिकेच्या तालमीपर्यंत सारे काही सायकल स्टँडच्या पत्र्याखाली करतात. संस्थेला काय सुचवावे?

उत्तर : मुले पत्र्याखाली का जमतात, हे संस्थेने आधी त्यांनाच विचारावे. तेथे सावली आहे, परवानगीचा अर्ज करावा लागत नाही आणि फरशीवर रंग सांडला तरी कोणी रागावत नाही. काचेच्या दालनात यांपैकी गारवा तेवढा मिळेल, तोही वीज असेपर्यंत.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेची ‘बिल्डिंग २०’ ही इमारत या संदर्भात आठवते. युद्धकाळात, १९४३ मध्ये, रडार-संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली ही लाकडी इमारत तात्पुरती म्हणून बांधली गेली होती; प्रत्यक्षात ती १९९८ मध्ये पाडली जाईपर्यंत वापरात राहिली. दिसायला ती ओबडधोबडच होती. परंतु भिंतीला भोक पाडण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नसे आणि भाषाशास्त्रज्ञांपासून अभियंत्यांपर्यंत सर्वांची ये-जा त्याच बोळांतून होत असे. आपल्याकडे अहमदाबादला, पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये सुरू झालेल्या वास्तुकला विद्यालयाची (आजच्या सेप्ट विद्यापीठाची) इमारत रचताना स्टुडिओ एकमेकांकडे उघडे ठेवले आणि इमारतीखालीच सावलीची मोकळी जागा राखली. वर्गाबाहेरचे बोलणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, हे त्या इमारतीने गृहीत धरले आहे.

मराठवाड्यात उन्हाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. जुन्या वाड्यांना चौक आणि ओसरी होती ती हौसेखातर नव्हे. आपल्या इमारतीच्या पूर्वेला दहा-बारा फूट रुंदीची ओसरी काढल्यास दुपारनंतर, म्हणजे तासिका संपून तालमी सुरू होतात नेमक्या त्या वेळी, तेथे इमारतीचीच सावली पडेल. तिच्या कडेचा कट्टा दीड फूट उंच आणि मांडी घालून बसता येईल इतका, म्हणजे दोन-अडीच फूट रुंद असावा. (मुलांनी बसू नये म्हणून कट्ट्यावर टोकदार दगड बसविणारी महाविद्यालये पाहण्यात आहेत, त्यांनी कल्पकतेवर परिसंवाद घेऊ नयेत.) चित्रकलेसाठी उत्तरेचा प्रकाश उत्तम असला, तरी उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असल्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या खिडक्यांतही शिरते, म्हणून छज्ज्याबरोबर दोन्ही बाजूंना उभ्या पडद्याही (पातळ भिंती) बांधून घ्याव्यात. आवारात कडुनिंब किंवा वड असेल, तर त्याला पार बांधावा, मात्र बुंध्याभोवती पाणी मुरण्यापुरती माती उघडी ठेवावी.

बांधकामापेक्षाही एका गोष्टीचा आग्रह धरावा, असे मला वाटते. अर्धवट राहिलेले काम जेथल्या तेथे ठेवता आले पाहिजे. रोज संध्याकाळी नेपथ्य उचलून नेण्याची वेळ आली, की मुले चार दिवसांत सोपे तेवढेच करू लागतात. ओसरीला लागून एक खोली द्यावी आणि तिची किल्ली विद्यार्थ्यांकडेच असावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील कलादालन रात्री नऊपर्यंत उघडे असते, परंतु मुलींना सातच्या आत वसतिगृहात परतावे लागते. आम्ही काय करावे? (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : वेळेचा नियम बदलून घेण्यासाठी प्राचार्यांकडे लेखी मागणी अवश्य करा, पण तोपर्यंत थांबू नका. वसतिगृहातील भोजनगृह रात्रीच्या जेवणानंतर रिकामेच असते. टेबले एका बाजूला सारण्याची, भिंतीवर कागद लावण्याची आणि एक कपाट वापरण्याची परवानगी अधीक्षकांकडून घ्या. कलादालनातील साहित्याचा निम्मा वाटाही त्याच अर्जात मागा, कारण दालन साऱ्या विद्यार्थ्यांच्या नावावर उभे राहिलेले असते.