प्रेक्षकांच्या बाकावरून: मोर, जेट्स आणि बिनपैशाच्या पैजा

(अमेरिकेतल्या खेळांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या कोल्हापूरच्या, आता न्यू जर्सीत एडिसनला असतात. नोकरी हिशेबाची, खेळ बघणं निव्वळ हौसेचं.)

माझी सून न्यू जर्सीत नव्या नोकरीला लागली आहे. मार्च आला की तिथे ऑफिसात सगळे कॉलेज बास्केटबॉलचा एक तक्ता भरतात म्हणे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. भरायचा कसा? (एक सासूबाई, सातारा)

सुनेच्या ब्रॅकेटची (त्या तक्त्याला इथे ब्रॅकेट म्हणतात) काळजी करणाऱ्या सासूबाई मला पहिल्यांदाच भेटल्या, तेव्हा सविस्तर सांगते.

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी देशभरातल्या ६८ कॉलेज संघांची यादी जाहीर होते. त्यातल्या आठ जणांच्या चार लढती ओहायोतल्या डेटनला होतात, चार संघ गळतात आणि उरतात ६४. त्यांचे चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकनं. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. हरला तो घरी. एकूण ६३ लढती, आणि गुरुवारी दुपारी पहिली सुरू व्हायच्या आत सगळ्यांचे विजेते लिहून मोकळं व्हायचं.

तिला सांगा, सगळं बरोबर येईल ही आशा सोडून दे. नाणं उडवून भरलं तर शक्यता किती? ९ लिहून पुढे अठरा आकडे लिहा, तेवढ्यात एक. २०१९ मध्ये ओहायोच्या एका गृहस्थांचे पहिले ४९ निकाल बरोबर आले होते. पन्नासाव्याला घात झाला, तोही जादा वेळेत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणजे बेरीज. बहुतेक ऑफिसांत पहिल्या फेरीच्या बरोबर उत्तराला एक गुण, पुढच्या फेरीत दोन, मग चार, आठ, सोळा, आणि अंतिम विजेत्याला बत्तीस. पहिल्या फेरीत लढती ३२, म्हणजे त्या सगळ्या मिळून जेवढे गुण, तेवढे एकट्या विजेत्याचे. लोक पहिल्या फेरीवर डोकं खाजवत बसतात आणि विजेता शेवटी घाईत टाकतात. सुनेला म्हणावं, आधी विजेता ठरव आणि तक्ता उलटा भरत ये. विजेता वरच्या मानांकनांतूनच घ्यायचा. २०१७ ते २०२५ या काळात पुरुषांचं विजेतेपद पहिल्या मानांकनाबाहेर एकदाच गेलं, २०२३ मध्ये, आणि तेव्हाही चौथ्या मानांकनाच्या यूकॉनकडे, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाकडे. आठव्याहून खालच्या संघाने स्पर्धा जिंकल्याचं २०२५ पर्यंत तरी घडलेलं नाही. आठवा जिंकला तो १९८५ चा व्हिलानोव्हा. आणि ऑफिस मोठं असेल तर ड्यूक टाकू नये. ड्यूक वाईट आहे म्हणून नव्हे, निम्म्या लोकांनी तोच टाकलेला असतो. तो जिंकला तरी गर्दीत उभं राहायचं.

मग गंमत कुठे करायची? पहिल्या फेरीत. तिथे चुकलं तर एक गुण जातो. बारावा विरुद्ध पाचवा या चार लढतींत एखादा बारावा बिनधास्त टाकावा, साधारण तीनांतली एक लढत बारावा मारतोच. सोळाव्याच्या नादी मात्र लागू नये. पुरुषांत २०२५ पर्यंत सोळाव्याने पहिल्याला हरवलं ते दोनदाच: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४, आणि २०२३ मध्ये आमच्या न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८.

आणि एक संघ जवळपासचा असू द्यावा, मग तो कितीही लिंबूटिंबू असो. २०२२ मध्ये जर्सी सिटीचं सेंट पीटर्स पंधराव्या मानांकनाने आलं होतं. जर्नल स्क्वेअरला आपले लोक मेथी-कोथिंबीर आणायला जातात, तिथून हे कॉलेज लांब नाही. तरी ते खेळतात हे आमच्या ऑफिसात फारसं कोणाला माहीत नव्हतं. चिन्ह मोर. मी राष्ट्रीय पक्ष्याला मान म्हणून एक फेरी पुढे ढकलला. समोर केंटकी, आठ वेळचा राष्ट्रीय विजेता. मोराने जादा वेळेत ८५-७९ ने मारलं! मग मरे स्टेट, मग फिलाडेल्फियात पर्ड्यू. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत त्याआधी कधीच पोहोचला नव्हता. तिथे नॉर्थ कॅरोलिनाने ६९-४९ असं व्यवस्थित धुतलं, ते सोडा. आमच्यात एक केंटकीवाला आहे, गणिताचा पक्का, दरवर्षी तक्ते करून आणतो. त्या आठवड्यात तो डबा खायला खाली आलाच नाही.

(पर्ड्यूचं कौतुक एवढ्यासाठी की २०२२ ला सेंट पीटर्स, २०२३ ला फेअरली डिकिन्सन, अशा न्यू जर्सीच्या दोन चिमुकल्या कॉलेजांकडून लागोपाठ मार खाऊन २०२४ ला तेच अंतिम सामन्यात पोहोचले. तिथे यूकॉनकडून हरले, पण पोहोचले.)

टीव्हीवरचे तज्ज्ञ एवढं बोलतात. त्यांचं ऐकून अंदाज बांधावा का? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

ऐकावं, सर. खेळाडूंची नावं तोंडात बसतात. पण रटगर्सचं उदाहरण देते. आमच्या घराजवळचं विद्यापीठ. २०२४-२५ च्या हंगामात त्यांच्याकडे डिलन हार्पर आणि एस बेली अशी दोन पोरं एकाच वेळी आली. हंगामाआधीच्या क्रमवारीत रटगर्स पंचविसावं, आणि इकडे किराणा दुकानापर्यंत सगळ्यांची छाती फुगलेली. हंगाम संपला तेव्हा जिंकल्या १५, हरल्या १७, मार्चच्या स्पर्धेचं दार बंद. काही महिन्यांनी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक बास्केटबॉल संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) हीच दोन पोरं दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर उचलली गेली. तज्ज्ञ पोरांबद्दल बरोबर होते, संघाबद्दल चुकले. बाकीचे तीन जण कोण, बचाव कोण करणार, हे टीव्हीवर कोणी सांगत नाही, कारण त्यात मसाला नाही. मी तेवढंच बघते: मोठ्या नावाशेजारी उभा असलेला चौथा आणि पाचवा खेळाडू. तो बरा असेल तर संघ बरा.

मुलगा तिकडे एमएस करतो, वय २३. फोनवरच्या अ‍ॅपवर मॅचवर पैसे लावतो. विचारलं तर म्हणतो, "आई, इथे कायदेशीर आहे, आणि मला खेळातलं कळतं." दोन वेळा घरून जास्तीचे पैसे मागवले. काय करू? (एक आई, पुणे)

ताई, कायदेशीर आहे हे खरं. ते कायदेशीर व्हायला आमचं न्यू जर्सीच कारण. हे राज्य अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१८ मध्ये न्यायालयाने बंदीचा केंद्रीय कायदा रद्द केला. महिन्याभरात इथे घोड्यांच्या रेसकोर्सवर पैजा सुरू झाल्या, आणि आता खिडकी प्रत्येकाच्या खिशात आहे. वय २१ पुरलं की झालं.

पण "मला कळतं" याचा हिशेब मी करून देते, त्याला तसाच पाठवा. नेहमीच्या पैजेत ११० डॉलर लावले आणि जिंकलात, तर वर १०० मिळतात. हरलात तर ११० गेले. दहा पैजांत पाच बरोबर, पाच चूक: आले ५००, गेले ५५०. निम्मं बरोबर असून पन्नासचा खड्डा. नुसतं बरोबरीत राहायला शंभरात ५२ हून जास्त अंदाज खरे ठरायला हवेत, आणि हे वर्षानुवर्षं. समोर भाव ठरवणारी कंपनी दिवसभर तेच काम करते. आपलं पोर प्रोजेक्ट सांभाळून रात्री अकराला करतं. त्यात आता पूर्ण मॅचवरच नव्हे, पुढच्या चेंडूवरही पैज लागते. विचार करायला उसंतच नको, हीच त्यांची कमाई.

रागावू नका, पण जास्तीचे पैसे बंद करा. फी थेट कॉलेजला भरा. त्या अ‍ॅपमध्ये रक्कम ठरवून टाकायची आणि स्वतःला काही काळ बाहेर काढायची सोय असते, ती तुमच्यासमोर व्हिडिओ कॉलवर करायला लावा. विद्यापीठात समुपदेशक असतात, तेही फीमध्येच. पैसे कुठे गेले हे तो लपवू लागला असेल तर मग वाट बघू नका.

एक गंमत सांगते. न्यू जर्सीत राज्यातल्या कॉलेज संघांवर पैज लावायला बंदी आहे. २०२१ मध्ये ती उठवावी का असं मतदारांना विचारलं, लोक नाही म्हणाले. त्यानंतरच्याच मार्चमध्ये मोर नाचला. त्यामुळे आमच्या राज्यात कायद्याने कोणालाच त्यावर पैसा करता आला नाही, आणि तरी इतका आनंद मी इथे क्वचित पाहिला. हे पोराला सांगून उपयोग होईल असं नाही, पण सांगा.

कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला लाखभर माणसं? आणि आता त्या पोरांना पगारही मिळतो म्हणे. मग ते कॉलेज कसलं? (एक क्रीडाशिक्षक, सोलापूर)

लाखभर खरंच. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) क्षमता १,०७,६०१. मला याचं नवल फार दिवस वाटलं नाही, कारण मी शाहू स्टेडियमच्या गावची. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की कोल्हापुरात घराघरांत अबोला. खेळाडू कोण हे नंतर, पेठ कोणती हे आधी. इथे पेठेच्या जागी कॉलेज आहे. माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, कॉलेज एकदा झालं ते झालं. शिवाय हे आजचं नाही. अमेरिकेतली पहिली कॉलेज फुटबॉल लढत ६ नोव्हेंबर १८६९ ला इथेच न्यू ब्रन्सविकला झाली, रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं.

पगाराचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: द्यायलाच हवा होता, उशीर झाला. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात मोठा आकडा विद्यापीठाच्या कोचचा असतो. टीव्हीचा पैसा सगळ्यांनी खायचा आणि गुडघा मोडणाऱ्या पोराला शिष्यवृत्ती दाखवायची, हा कुठला न्याय? आणि त्याला दुसरा रस्ताही नव्हता, एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीग, शाळा सुटल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय कोणाला घेत नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येऊ लागल्या. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

खटकतं ते वेगळं. आता पोरं दर वर्षी कॉलेज बदलतात. मागच्या मार्चला ज्याच्या नावाने घसा बसला, तो पुढच्या मार्चला आपल्याविरुद्ध. पोरांचं चुकतं असं म्हणवत नाही, कोच तर वर्षानुवर्षं हेच करत आले. मोरांचा कोचही त्या विजयानंतर लगेच मोठ्या कॉलेजला गेला. पण मग "आमचा" म्हणायचं कोणाला, हे मला अजून नीट जमलेलं नाही.

आमचा भाऊजी एडिसनला आहे, जेट्सचा भक्त. या वर्षी तरी सुपर बोल? (राजारामपुरी, कोल्हापूर)

नाही.

बरं, गाववाले आहात म्हणून दोन ओळी जास्त. जेट्स हा एनएफएलचा संघ, सुपर बोल हा तिथला अंतिम सामना. नाव न्यू यॉर्कचं, खेळतात न्यू जर्सीत. सुपर बोल एकदाच जिंकले, जानेवारी १९६९ मध्ये. समोरचा बाल्टिमोर अठरा गुणांनी जिंकेल असा बाजाराचा भाव होता. जेट्सच्या जो नेमथने तीन दिवस आधी भर कार्यक्रमात सांगून टाकलं, आम्हीच जिंकणार, हमी देतो. आणि जिंकले, १६-७. माझ्या मते त्याच दिवशी या संघाचं सगळं नशीब खर्ची पडलं. २०१० च्या हंगामानंतर त्यांनी प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, पाहिलेला नाही. २०२३ मध्ये आरोन रॉजर्ससारखा माणूस आणला, आमच्या ह्यांनी नवी जर्सी घेतली, आणि पहिल्याच मॅचमध्ये चौथ्या चालीला रॉजर्सच्या पायाचा स्नायुबंध तुटला. हंगाम संपला. जर्सी अजून नवीकोरी आहे, मापाची असेल तर भाऊजींना देते.

पुढच्या मार्चचा विजेता आत्ताच सांगा बघू! (कॉलेजची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

पुरुषांचा नाही सांगणार. संघात कोण उरलं हेच नोव्हेंबरपर्यंत कळत नाही. मुलींचा सांगते, कारण तिथे अंदाजाला किंमत आहे. चांगल्या खेळाडू मोजक्या कॉलेजांत एकवटतात, त्यामुळे उलथापालथ कमी. २०२५ पर्यंत तिसऱ्या मानांकनाखालच्या संघाने मुलींचं विजेतेपद एकदाही घेतलेलं नाही. २०२४ चं साऊथ कॅरोलिनाने एकही मॅच न हरता नेलं, ३८-०. त्या वर्षी केटलिन क्लार्कच्या आयोवाविरुद्धचा त्यांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, आणि तसं पहिल्यांदाच घडलं. २०२५ ला यूकॉनने त्यांनाच ८२-५९ हरवून बारावं विजेतेपद घेतलं.

माझं मत साऊथ कॅरोलिनाला. मैत्रिणींशी पैज लावायची असेल तर भेळेची लाव, आणि त्यांना यूकॉन घेऊ दे.