आफ्रिकेतल्या अमेरिकन राजदूताचं आयुष्य म्हणजे नुसता बंगला, पार्ट्या आणि झेंडा लावलेली गाडी असतं का?

नाही. तुमच्या प्रश्नातला बंगला आणि गाडी खरी आहे, पण निम्मी नोकरी स्वतःच्याच सरकारचे दरवाजे ठोठावण्यात जाते. केनियातल्या अमेरिकन राजदूत राहिलेल्या प्रूडन्स बुशनेल यांचंच बघा.

सेनेगलमधलं डाकार, मुंबई अशा ठिकाणी काम करून त्या वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याच्या आफ्रिका विभागात वरच्या पदावर आल्या. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात तुत्सी या अल्पसंख्याक समाजाची कत्तल सुरू झाली. अमेरिकेने आपली माणसं बाहेर काढली आणि हात झटकले. बुशनेल मात्र रात्री-अपरात्री उठून थेट तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना फोन लावायच्या आणि बजावायच्या, की या हत्यांचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. मारेकऱ्यांना चिथावणाऱ्या रेडिओ केंद्राचं प्रक्षेपण जॅम करा, म्हणूनही त्यांनी पाठपुरावा केला. संरक्षण खात्याने हिशेब मांडला: प्रक्षेपण जॅम करणाऱ्या विमानाचा खर्च तासाला सुमारे ८,५०० डॉलर, शिवाय कायद्याच्या अडचणी. प्रस्ताव बारगळला. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. हा तासाचा दर वाचून मला आजही संताप येतो.

१९९६ मध्ये त्या केनियात राजदूत म्हणून गेल्या. नैरोबीतली वकिलात भर चौकात, मोई अव्हेन्यू आणि हैले सेलासी अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, रस्त्याला अगदी खेटून होती. ही जागा सुरक्षित नाही, इमारत हलवा, असं त्या वॉशिंग्टनला कळवत राहिल्या. थेट परराष्ट्रमंत्री ऑलब्राइट यांनाही पत्र लिहिलं. पैसे नाहीत, हेच उत्तर.

७ ऑगस्ट १९९८, शुक्रवार सकाळ. बुशनेल शेजारच्या को-ऑपरेटिव्ह बँकेच्या उंच इमारतीत केनियाच्या मंत्र्यांना भेटायला गेल्या होत्या. खाली आधी एक छोटा धमाका झाला. काय झालं ते बघायला लोक खिडक्यांकडे धावले, आणि तेवढ्यात ट्रकमधला मोठा बॉम्ब फुटला. कितीतरी जणांचे डोळे त्या काचांनी गेले. बुशनेल जखमी झाल्या, पण जिना उतरून बाहेर पडल्या. २१३ माणसं गेली. त्यांत अमेरिकन १२, बाकी जवळपास सगळे केनियन. शेजारची उफुंडी हाउस ही इमारत तर पार कोसळली.

त्यानंतरचं काम मला सगळ्यांत अवघड वाटतं. अमेरिकेने फक्त आपल्याच माणसांकडे बघितलं, असा केनियन लोकांचा राग होता. त्या रागासमोर उभं राहायचं, स्वतःच्या हादरलेल्या कर्मचाऱ्यांना सावरायचं आणि मदतीसाठी पुन्हा वॉशिंग्टनशीच भांडायचं. १९९९ पर्यंत त्यांनी ते निभावलं, मग ग्वातेमालाला राजदूत म्हणून गेल्या. नैरोबीची वकिलात पुढे गिगिरी भागात हलली, म्हणजे पैसे उभे राहिले, पण स्फोटानंतर.